आडनाव बॅगेत भरा, लपवू नका

गेल्या रविवारी आम्ही सदाशिव पेठेत गेलो होतो. निमित्त निरोपाचे होते. चळवळीतल्या एका घरचा मुलगा आणि त्याची पत्नी अमेरिकेतल्या सिएटल या समुद्राकाठच्या शहरी निघाले आहेत. मुलगी हिंजवडीतल्या एका कंपनीत इंजिनिअर. कंपनीनेच तिची तिकडे बदली केली. मुलगा पेठेतल्या एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवायचा. बायकोच्या नोकरीसाठी नवऱ्याने स्वतःची नोकरी सोडली, आणि तीही कसलाही गाजावाजा न करता. आम्हाला एवढ्यावरच या दोघांचे कौतुक वाटले.

मुलगा मराठवाड्यातला, मुलगी विदर्भातली. दोघांचेही आजोबा सालगडी. दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात चार मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि प्रत्येक बॅग तेवीस किलोच्या आत बसवण्याची धडपड चालली होती. कुकर, येसराची पुडी, जवसाची चटणी, स्वेटर, आणि दोन टॉवेलांत गुंडाळलेली बाबासाहेबांची तसबीर. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हातातल्या पिशवीत ठेवला होता, कारण तो वजनात धरायचा नाही असे मुलीचे म्हणणे.

चहा झाला आणि मुलगा म्हणाला, “काका, एक विचारायचे होते. तिकडे गेल्यावर आडनाव सांगायचे नाही असे मी ठरवतोय. पासपोर्टवर आहे ते असू द्या. पण शेजारीपाजारी, ओळखीपाळखीत वडिलांचे नावच आडनाव म्हणून सांगायचे. पुष्कळ जण तसे करतात.”

मुलगी बॅगेची चेन ओढत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मी नाही करणार.”

खोलीत थोडा वेळ कुणीच बोलले नाही. त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते आज येथे देत आहोत, कारण हा प्रश्न त्या दोघांपुरता नाही. आज आपल्या समाजातली मुले-मुली लंडनला, न्यूयॉर्कला, सिडनीला, दुबईला निघाली आहेत. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती घेऊन कुणी शिकायला जाते, कुणी नोकरीला जाते. त्यांच्या प्रत्येकाच्या बॅगेत हा प्रश्न आहे.

पेठ आणि आडनाव

हा प्रश्न सदाशिव पेठेत विचारला गेला, यालाही अर्थ आहे. ही पेठ पेशवाईत वसली आणि सदाशिवरावभाऊंचे नाव तिला मिळाले. त्याच पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडके अडकवून फिरावे लागत होते, ही गोष्ट बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरच्या १९३६ च्या भाषणात जगापुढे मांडली. शेजारच्या बुधवार पेठेत १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा अंगावर शेण कुणी फेकले हेही आपल्याला ठाऊक आहे. पेठेच्या दक्षिणेला पर्वती आहे. १९२९ च्या ऑक्टोबरात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदींच्या पुढाकाराने तिथल्या मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. सत्याग्रहींवर दगड पडले. मंदिराचे दार उघडले नाही.

आजची सदाशिव पेठ वेगळी आहे. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या आणि इमारतींच्या मजल्या-मजल्यावर अभ्यासिका निघाल्या. बीड, परभणी, हिंगोली, वाशीम, गडचिरोलीची पोरे-पोरी येथे कॉट बेसिसवर राहतात, मेसची पोळी-भाजी खातात आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत लक्ष्मीकांतांचे पुस्तक घोकतात. ज्या पेठेत त्यांच्या पणजोबांची सावली चालत नव्हती, त्या पेठेचा निम्मा व्यवहार आज या पोरांच्या भाड्यावर आणि जेवणाच्या डब्यावर चालतो. बाबासाहेबांच्या संविधानाने घडवलेला हा बदल आहे. तो आपण मान ताठ ठेवून सांगितला पाहिजे.

पण दार उघडताना प्रश्न अजून तोच आहे. “आडनाव काय?” लग्न झाल्यावर या दोघांनी पेठेत जागा शोधायला सुरुवात केली तेव्हा सात ठिकाणी नकार आला. कुठे आडनाव विचारले, कुठे “तुम्ही नॉनव्हेज खाता का?” असे विचारले, अर्थ एकच. एका ठिकाणी तर अनामत रक्कम ठरली, किल्ली द्यायचा दिवस ठरला, आणि आधार कार्ड दाखवल्यावर “आमच्या भाच्याला जागा लागणार आहे,” असे उत्तर आले. आठव्या ठिकाणी एका वृद्ध काकूंनी जागा दिली. दोन्ही मुले अमेरिकेत, यजमान गेलेले, वाड्याच्या मागच्या भागात काकू एकट्या. त्यांनी आडनाव ऐकले आणि विचारले एवढेच, “रात्री दिंडीला कडी लावाल ना आठवणीने?”

निरोपाच्या दिवशी त्या काकूंनी मेतकुटाचा डबा आणून दिला आणि धाकट्या मुलाचा तिकडचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. “काही अडले तर माझे नाव सांगा,” म्हणाल्या. काकू गेल्यावर मुलगा म्हणाला, “काकूंचे नाव सांगितले की दार उघडेल, काका. आमचे सांगितले की?”

ब्राह्मण आणि ब्राह्मण्य यांतला फरक बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवला. काकूंबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण एका चांगल्या माणसाच्या ओळखीवर दार उघडणे निराळे आणि हक्काने दार उघडणे निराळे. त्या मुलाच्या प्रश्नात हा फरक होता.

समुद्र कुणाला बंद होता?

आज पेठेतल्या घराघरातून अमेरिकेला गेलेल्या मुलांचे कौतुक ऐकू येते. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडणे हे पाप होते. सिंधुबंदी कडक होती. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा होते. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. समुद्राचे तर सोडाच, १८९० साली पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्यायला म्हणून न्यायमूर्ती रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्ताची भाषा झाली. ती चहाची यादी वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर आणणारे होते आनंदीबाईंचेच यजमान गोपाळराव!

पुढे नोकऱ्या आल्या, डॉलर आले आणि सिंधुबंदी कुठल्या कुठे गेली. तिच्यासाठी कुणी प्रायश्चित्त घेतल्याचे आता ऐकू येत नाही. धर्माचा म्हणून सांगितलेला नियम फायद्यापुढे किती चटकन वाकतो, याचे याहून चांगले उदाहरण नाही. परंतु समुद्राची बंदी बुडाली, जात मात्र बुडाली नाही. ती विमानात बसली.

हे होणार याची जाणीव फार पूर्वी झालेली होती. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कर्ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत शिकत असताना त्यांनी १९०९ साली हिंदुस्थानातील जातींच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदू लोक पृथ्वीवर दुसरीकडे जाऊन राहिले, तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल, असा इशारा त्यात होता. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवरचा आपला निबंध वाचला. तेव्हा त्यांनी केतकरांचा हा इशारा मुद्दाम उद्धृत केला. ज्या शहरात तो निबंध वाचला गेला तेही समुद्राकाठचेच.

सिएटलचा कायदा

इशारा खरा ठरला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ च्या एका पाहणीत असे दिसले, की अमेरिकेत गेलेल्या भारतीयांत दलित आणि मागास जातींचे लोक अवघे दीड टक्का आहेत. म्हणजे शंभरात दीड आपला, आणि उरलेले कोण हे सांगायला नको. अशा ठिकाणी नवा माणूस आला की हसत-हसत विचारपूस सुरू होते. गाव कोणते, वडील काय करत होते, घरी कोणते सण करता, मासे-मटण खाता का. पाठीवर थाप मारताना शर्टाखाली जानवे लागते का हे चाचपले जाते, अशा हकिकती तिकडच्या आपल्या बांधवांनी जाहीरपणे सांगितल्या आहेत. अमेरिकन साहेबाला यातले काही कळत नाही. त्याला गोरा-काळा कळतो. त्यामुळे तक्रार केली तरी तो विचारतो, “तुम्ही दोघेही भारतीयच ना?”

हे बदलायला कायदा लागतो. तो कायदा ज्या शहरात प्रथम झाला, त्याच शहरात आपले हे जोडपे निघाले आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या नगर परिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. नोकरी, घर, सार्वजनिक जागा, सगळीकडे. अमेरिकेतले असा कायदा करणारे हे पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत १९७३ साली जन्मल्या त्या पुण्यातच, वाढल्या मुंबईत. लग्नानंतर पतीबरोबर अमेरिकेला गेल्या. म्हणजे त्याही कधीकाळी अशाच एका निघालेल्या तरुण जोडप्यातल्या. आपण ब्राह्मण कुटुंबात वाढलो आणि जात जवळून पाहिली, हे त्यांनी लपवले नाही. बॅगेत जात घेऊन जाणारे जसे पुण्यातून गेले, तशी जातीविरुद्ध कायदा करणारीही पुण्याच्या मातीतलीच निघाली, याची नोंद आपण केली पाहिजे.

पण एकट्या सावंतबाईंनी हे केले नाही. आंबेडकरी संघटनांनी तिथे वर्षानुवर्षे रान उठवले. सुनावणीच्या दिवशी माणसे माईकपुढे उभी राहिली आणि त्यांनी सांगितले, मी दलित आहे, माझ्या बाबतीत असे झाले. ज्यांनी त्या दिवशी स्वतःचे नाव, आडनाव आणि जात उघड सांगितली, त्यांच्यामुळे कायदा झाला. लपून राहिलेल्यांच्या जोरावर तो झाला नाही.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरानेही तशीच बंदी घातली. कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने जातभेदाविरुद्धचे विधेयक मंजूर केले, पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी, आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असे सांगून ते नाकारले. “आता जात कुठे राहिली?” हे वाक्य आपण महाराष्ट्रात किती वेळा ऐकले आहे! ते आता इंग्रजीतही ऐकू येते.

बडोद्याची सराई

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आडनाव लपवावे का?

आम्ही त्याला भित्रा म्हणणार नाही. भरल्या घरात बसून दुसऱ्याला शौर्याचे धडे देणे सोपे असते. तिकडे नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी व्यवस्था करावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. वरिष्ठ जर पेठेतलाच निघाला आणि आडनाव ऐकून त्याचा चेहरा बदलला, तर दोन माणसांचे पोट पणाला लागते. शिवाय गावाकडे दोघांच्याही आईबापांना दरमहा पैसे पाठवायचे आहेत. सात दारांवरून परत आलेल्या मुलाला भीती वाटणार नाही तर काय?

पण नाव लपवण्याची पाळी खुद्द बाबासाहेबांवरही आली होती. १९१७ साली ते कोलंबिया आणि लंडनहून परतले आणि करारानुसार बडोदा सरकारच्या नोकरीत गेले. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर ती परत जागी झाली. राहायचे कुठे? हिंदू हॉटेलात सोय होणार नव्हती. एका पारशी सराईत गेले, तर ती फक्त पारशांसाठी. शेवटी सराईच्या रखवालदाराशी बोलणे झाले आणि पारशी नाव लावून ते तिथे राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सामानात, मिणमिणत्या उजेडात, एकटे. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. तू कोण आहेस, असा सवाल झाला. संध्याकाळपर्यंत जागा सोडायचा हुकूम मिळाला. दोन मित्रांकडे विचारले, दोघांनीही सबबी सांगितल्या. मग ते कामाठीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

अमेरिकेत शिकून आलेला एवढा मोठा पंडित, आणि त्यालाही दुसऱ्याचे नाव लावावे लागले. त्या नावाने त्यांना दहा दिवस दिले. अकराव्या दिवशी काठ्या आल्याच. ज्या टिपणांत बाबासाहेबांनी ही हकिकत लिहिली, त्यांचे नाव आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. आपल्याच देशात फिरायला, राहायला, पाणी प्यायला या माणसाला व्हिसा लागत होता! आज त्यांच्या लेकरांच्या हातात अमेरिकेचा व्हिसा आहे. तो हातात घेऊन आपण पुन्हा दुसऱ्याच्या नावाने सराईत शिरायचे का?

लपवलेले नाव माणसाला सुखाने राहू देत नाही. घरी पाहुणे यायचे म्हटले की भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर खाली उतरवावी लागते. चौदा एप्रिलला आजारी असल्याचे सांगावे लागते. आईचा फोन आला आणि तिने “जय भीम” म्हटले की आवाज बारीक करावा लागतो. उद्या पोटी लेकरू आले, त्याने “आपण कोण?” असे विचारले, तर त्यालाही खोटे सांगावे लागते. ज्याने आपल्याला नाव दिले, त्यालाच घरातल्या कपाटात कोंडायचे. ही शिक्षा आपण आपल्याच हाताने का घ्यायची?

रमाईची आठवण

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १९१३ च्या जून महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला निघाले तेव्हा त्यांचेही तरुण जोडपे होते. लग्न होऊन सात वर्षे झाली होती. पण बोटीत एकटे भीमराव चढले. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची. तीत दोघे जाण्याचा विचारच शक्य नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुभेदार रामजी गेले होते. यशवंत सहा महिन्यांचा होता. परळच्या चाळीत रमाई मागे राहिल्या. पुढे बाबासाहेब लंडनला शिकत असतानाही त्यांनी किती उपास काढले, शेणाच्या गोवऱ्या थापून घर कसे चालवले, हे आपल्या घराघरांतून सांगितले जाते. त्यांना न्यूयॉर्कही दिसले नाही आणि लंडनही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या.

आज एकशे दहाहून अधिक वर्षांनी, रमाईच्या एका लेकीच्या नोकरीवर जोडपे परदेशी निघाले आहे. दोघांची तिकिटे एकाच विमानाची आहेत. मागे कुणी गोवऱ्या थापत राहणार नाही. या एका गोष्टीत चळवळीच्या शंभर वर्षांची कमाई आहे. ही कमाई ज्या नावामुळे झाली, ते नाव विमानतळावर सोडून कसे चालेल?

म्हणून मुला, आमचे उत्तर असे. तुझे आडनाव कुणाला उगाच सांगत फिरू नकोस, पण कुणी विचारले तर सरळ सांग. सांगून कुणाचा चेहरा बदलला तर तो त्याचा दोष समज, तुझा नव्हे. चेहऱ्यापलीकडे गोष्ट गेली, नोकरीत वा घरात त्रास झाला, तर तारखेसह लिहून ठेव. त्या शहरात आता कायदा आहे. पण कायदा कागदावर असतो. त्याला साक्षीदार लागतो. तू राज्यघटना शिकवलीस, त्यामुळे हे तुला आम्ही सांगायला नको. पहिल्या आठवड्यातच तिथल्या आपल्या माणसांना शोध. अमेरिकेत आंबेडकरी संघटना आहेत. एकटा माणूस आडनाव लपवतो. चार जण असले की तेच आडनाव मोठ्याने सांगतो.

आणि काकूंच्या मुलाला जरूर फोन कर. काकूंचे नाव सांग, पण त्याआधी आपले पूर्ण नाव सांग. दार उघडले तर चांगलेच. न उघडले, तर काकूंनाही कळू दे की आपला मुलगा सातासमुद्रापार जाऊन काय शिकला.

काल रात्री आम्ही फोन केला तेव्हा बॅगा बंद झाल्या होत्या. मुलीने सांगितले, “काका, चारही बॅगांवर पूर्ण नाव-आडनाव लिहिले. मार्करने, मोठ्या अक्षरात. बॅग हरवली तर सापडायला नको का?”

मागून मुलाचा हसण्याचा आवाज आला.

दोघांनाही क्रांतिकारी जय भीम. प्रवास सुखाचा होवो.